‘अर्थिंग’ : एका शब्दाची दोन कामे

शाळा, दवाखाना किंवा ग्रामपंचायत कार्यालय यांच्या वीजजोडणीच्या कागदपत्रांत ‘अर्थिंग’ हा शब्द हमखास आढळतो. परिभाषेत त्यासाठी ‘भूसंपर्कन’ असा शब्द आहे. परंतु वायरमन, शेतकरी आणि अभियंता हे सारे ‘अर्थिंग’च म्हणतात. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ पृथ्वी, जमीन एवढाच. अमेरिकेत यालाच ‘ग्राउंडिंग’ म्हणतात. आपल्या मराठी ‘अर्था’शी त्याचे काही नाते नाही, हे विद्यार्थ्यांना एकदा सांगून टाकलेले बरे.

विद्युत मंडलात जमिनीला स्थान मिळाले ते प्रथम सुरक्षिततेसाठी नव्हे, काटकसरीसाठी. १८३८ मध्ये जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हे न्यूरेंबर्ग-फ्युर्थ लोहमार्गाचे दोन रूळ तारायंत्राच्या तारा म्हणून वापरून पाहत होते. प्रयोग फसला, कारण वीज एका रुळातून जमिनीवाटे दुसऱ्या रुळात जात होती. त्यावरून त्यांनी ताडले की, जमीन वीज वाहून नेत असेल तर परतीची तार हवीच कशाला? एक तार आणि दोन टोकांना पुरलेले पत्रे एवढ्यावर तारायंत्र चालू लागले.

आज घरातील अर्थिंगचे काम निराळे आहे. तेथून नेहमी वीज वाहणे अपेक्षित नसते. पंपाच्या किंवा इस्त्रीच्या धातूच्या अंगात बिघाडामुळे वीज उतरली, तर तिला वाट देणे व त्यायोगे फ्यूज वितळविणे, हे ते काम. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन लांब असते ती याचसाठी : ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते.

या दोन कामांची गल्लत आपल्या खेड्यांत जिवावर बेतते. न्यूट्रल तार तुटली की कोणी सळई जमिनीत ठोकून ‘फेज आणि अर्थ’वर दिवा लावतो. दिवा लागतो, पण सळईभोवतीच्या ओल्या जमिनीतही दाब पसरतो. गुराच्या पुढील व मागील पायांतील अंतर जास्त असल्याने त्याला धक्का बसण्याचा धोका माणसाहून अधिक असतो. तीच तार घराच्या अर्थिंगला जोडलेली असली आणि खड्डा कोरडा असला, तर त्या अर्थिंगवरील प्रत्येक उपकरणाचे अंग धक्का देऊ शकते.

खड्डा आहे म्हणजे संरक्षण आहे, हाही भ्रमच. मीठ व कोळसा भरलेला खड्डा ओल असेतोवर ठीक चालतो. आपल्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात ती ओल राहत नाही. समजा, घराजवळचा व रोहित्राजवळचा खड्डा मिळून मातीचा रोध ४० ओहम झाला. २३० व्होल्टला ४० ने भागले की जेमतेम पावणेसहा अँपिअर येतात. १५ अँपिअरचा फ्यूज त्याने वितळणार नाही, आणि पंपाचे अंग तसेच जिवंत राहील. खड्ड्यात पाणी ओतणे हा त्यावर तात्पुरता इलाज होय. त्याच परिस्थितीत ३० मिलिअँपिअरची गळती ओळखणारे आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडते, कारण त्याला लागणारी गळती फ्यूजला लागणाऱ्या प्रवाहाच्या पाचशेव्या भागाइतकीही नसते. मात्र खड्ड्याचा रोध मोजावयाचा तो चैत्र-वैशाखात. श्रावणातले माप उन्हाळ्यासाठी धरता येत नाही.