कार्ड घेण्याआधी कॅमेऱ्याची फाइल बघा

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याची फिल्म आम्ही करत होतो. नवी लाइन, सेफ्टीचे नियम, थोडं ट्रेनिंग. पार्ट अजून बाजारात आला नव्हता, त्यामुळे शूट केलेलं फुटेज गेटबाहेर न्यायला बंदी. एडिटिंग आतच, डिझाइन विभागात बसून करायचं ठरलं. तिथल्या साहेबांनी आपलं सगळ्यात भारी मशीन मोकळं करून दिलं: झिऑन प्रोसेसर, भरपूर रॅम आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ए४००० हे वर्कस्टेशन कार्ड.

टाइमलाइनवर पहिली क्लिप टाकली. दोन सेकंद चालली आणि अडकली. प्लेबॅक अर्ध्यावर आणला, पावावर आणला, तरी तेच. साहेब मागे उभे होते. म्हणाले, "अहो, यावर आमची अख्खी असेंब्ली गरागरा फिरते. तुमचा व्हिडिओ का अडतोय?"

त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर तिथल्या तिथे दाखवता आलं. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयू निवडलं. तिथे 'व्हिडिओ डिकोड' नावाचा एक छोटा आलेख असतो. क्लिप चालू असताना तो शून्यावर सपाट पडलेला होता आणि सीपीयू मात्र शंभर टक्क्यांना भिडला होता. म्हणजे ते महागडं कार्ड फाइल उलगडण्याच्या कामात हातच लावत नव्हतं.

कारण फाइलमध्ये होतं. शूट सोनीच्या ए७ फोरवर, एक्सएव्हीसी एचएस फॉरमॅटमध्ये केलेलं. म्हणजे एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२. साध्या ४:२:० फाइलमध्ये चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते, ४:२:२ मध्ये दोन. कलर करेक्शनला हे सोन्यासारखं; पण एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांमध्ये, गेमिंग असो की वर्कस्टेशन, ही फाइल उलगडणारी सोयच नाही. ती सोय इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये अकराव्या पिढीपासून आहे. त्या झिऑनमध्ये अंगभूत ग्राफिक्सच नव्हतं. चिंचवडला माझ्याकडे आय५-१२४०० आणि आरटीएक्स ३०६० आहे. याच कॅमेऱ्याच्या अशाच फाइली त्यावर सुरळीत चालतात. शेवटी तिथे रात्रभर प्रॉक्सी बनवायला लावल्या आणि सकाळपासून काम मार्गी लागलं.

तेव्हापासून भोसरी-आकुर्डीकडची लग्नाची कामं करणारी पोरं "दादा, कुठलं कार्ड घेऊ?" म्हणून विचारायला आली, की मी आधी विचारतो, कॅमेरा कुठला? फाइल कुठली?

वर्कस्टेशन कार्ड वाईट नसतं. ए४००० आणि गेमिंगचं ३०७० यांची चिप एकच, जीए१०४. पहिल्यात ६१४४ कोअर, दुसऱ्यात ५८८८. जास्तीचे पैसे जातात ते १६ जीबी मेमरीला (३०७० ला ८), चुका पकडणाऱ्या ईसीसी मेमरीला, २२० ऐवजी १४० वॉटच्या खपाला आणि सॉलिडवर्क्स, कॅटिया, एनएक्स यांच्या प्रमाणपत्राला. आपल्या पट्ट्यातल्या डिझाइन ऑफिसांना ते प्रमाणपत्र हवंच असतं. प्रीमिअर किंवा रिझॉल्व्हला त्याचं काहीच पडलेलं नाही. "१० बिट रंग बघायला क्वाड्रोच लागतं" हे जुनं वाक्य अजून दुकानात ऐकू येतं. जुलै २०१९ च्या स्टुडिओ ड्रायव्हरपासून ते गेमिंग कार्डांवरही मिळतं. त्या ड्रायव्हरला वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त गेम रेडी नको, स्टुडिओच टाका.

एकाच मशीनवर दिवसा कॅड आणि रात्री एडिटिंग असेल, तर वर्कस्टेशन कार्ड जरूर घ्या. नुसतं एडिटिंग असेल तर तेच पैसे एसएसडी, रॅम आणि चांगल्या मॉनिटरमध्ये घाला, असं मी ठामपणे सांगेन. मेमरीत मात्र कंजुषी नको. रिझॉल्व्हमध्ये ४के क्लिपवर नॉइज रिडक्शन लावलं की ८ जीबी बघता बघता भरते आणि रेंडर मधेच थांबतो. मुहूर्ताच्या अंधाऱ्या हॉलमधलं फुटेज असेल तर हे हमखास घडतं. म्हणून १२ जीबीचं ३०६० मला आजही ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा भरवशाचं वाटतं.

प्रोसेसर घेताना शेवटचं अक्षर बघा. १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो आणि गेमिंगचं मशीन जोडणारे तोच सुचवतात, पण 'एफ' म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. बिगर-एफ घेतला तरी कार्ड बसवल्यावर कित्येक मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायॉसमध्ये जाऊन ते पुन्हा चालू करावं लागतं, आणि जोडून देणारा हे सहसा सांगत नाही. २०२५ मध्ये आलेली ५० मालिकेची कार्डं ४:२:२ स्वतःच उलगडतात, त्यामुळे नवीनच घेणार असाल तर ही अडचण उरत नाही.

जुन्या मालाबद्दल जरा जास्त सावध राहा. डिझाइन ऑफिसं मशीन बदलतात, तेव्हा त्यातली क्वाड्रो कार्डं सेकंड हँडमध्ये येतात आणि 'प्रोफेशनल कार्ड' म्हणून विकली जातात. के२२०० हे २०१४ चं कार्ड; त्याला एचईव्हीसी उलगडता येतच नाही, मग ४:२:२ तर लांबच. जुन्या गेमिंग कार्डाचा धोका वेगळा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. पंख्याचा आवाज ऐकल्याशिवाय आणि अर्धा तास लोडवर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि यूपीएस. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे आपल्याकडे ठरलेलं, पण न सांगता जाते तेव्हाच रेंडर चालू असतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. २२० वॉटचं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर एकदम जोरात चालले, तर तो फाइल सेव्ह करण्याइतकाही वेळ देत नाही. दुकानात कार्डाच्या कोटेशनमध्येच १००० व्हीएचा यूपीएस धरायला सांगा, आणि जाताना आपल्या कॅमेऱ्याच्या दोन क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन जा. दुकानदाराच्या मशीनवर त्या चालवा आणि तो 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतोय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.