लिंकच्या शेवटचा आकडा

प्रश्न : आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहतो. सोसायटीचा मेंटेनन्स, पाहुण्यांच्या नोंदी, तक्रारी हे सगळं आता एका संकेतस्थळावर चालतं. आमच्या दोन सदनिका आहेत, एक माझ्या नावावर, एक आईच्या. रविवारी, १५ जून २०२५ च्या रात्री, मी दोन्ही खात्यांचे पासवर्ड बदलायला बसलो. 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर मेलवर लिंक आली. तिच्या शेवटी १७५००००३१२ असा आकडा होता. मग आईच्या खात्यासाठी लिंक मागवली, तिच्या शेवटी १७५००००४३१. फरक फक्त ११९ चा, आणि दोन मागण्यांमध्ये वेळही दोनेक मिनिटांचाच गेला होता. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये डोंबिवली येईपर्यंत तेच डोक्यात होतं. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, आकडा पुढेमागे करून शेजाऱ्यांचं खातं उघडतं का बघू." मी त्याला थांबवलं. हा आकडा नेमका काय आहे? आमचे पासवर्ड चांगले लांब, चिन्हं-आकडे घातलेले आहेत, तरी धोका आहे का? आणि मे महिन्यात मी न मागताच अशी एक मेल आली होती. ती तशीच सोडून दिली. तिचं काय?
– एक वाचक, मांजर्ली, बदलापूर

उत्तर : तो आकडा म्हणजे वेळ आहे. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, हे बहुतेक संगणक सतत मोजत असतात. तुमच्या पहिल्या लिंकमधला १७५००००३१२ हा सेकंद भारतीय वेळेनुसार १५ जूनच्या रात्री ८ वाजून ४१ मिनिटं ५२ सेकंदांचा. आईच्या लिंकमधला त्यानंतरचा एकशेएकोणिसावा. तुम्हाला जाणवलेलं दोनेक मिनिटांचं अंतर आणि आकड्यांमधला फरक ही एकच गोष्ट आहे, योगायोग नाही.

आता ही लिंक काय काम करते ते पाहा. जुना पासवर्ड न विचारता ती तुम्हाला नवा पासवर्ड ठेवू देते. म्हणजे जोवर ती चालते, तोवर तीच तुमच्या खात्याचा पासवर्ड आहे. फक्त तो तुम्ही निवडलेला नाही, संकेतस्थळानं तुमच्या वतीनं निवडला आहे. आपल्याला सांगितलं जातं की पासवर्डमध्ये जन्मतारीख घालू नका, मुलांची नावं घालू नका, बारा अक्षरं घ्या, चिन्हं घाला. तुम्ही ते सगळं पाळलंत. आणि इथे त्याच संकेतस्थळानं तुमच्यासाठी जो पासवर्ड तयार केला, तो होता 'आत्ता किती वाजले'. तुमचा स्वतःचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी या वाटेनं येणाऱ्याला तो लागतच नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, धोका आहे, आणि त्यात तुमची काही चूक नाही.

हा गैरप्रकार करायला तुम्ही पासवर्ड विसरण्याची वाट पाहावी लागत नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. तुमचा ईमेल पत्ता माहीत असलेला कोणीही 'पासवर्ड विसरलात?' या चौकटीत तो टाकू शकतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या सदस्यांच्या यादीत तो बहुतेकदा असतोच. लिंक तुमच्याच मेलवर येते. पण ती वाचायची त्याला गरज नाही. कळ कोणत्या क्षणी दाबली हे त्याला माहीत आहे. बहुतेक सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत आपलं घड्याळही कळवतात, त्यामुळे तिथली वेळही त्याला कळते. मग पाच-दहा आकडे करून पाहिले की झालं. नेमका क्षण माहीत नसला, फक्त दिवस माहीत असला, तरी एका दिवसात सेकंद असतात ८६,४००. संगणकाला तेवढे प्रयत्न म्हणजे किरकोळ काम.

तुमच्या बाबतीत आकडा निदान उघडा दिसला. पुष्कळ ठिकाणी तो झाकलेला असतो आणि झाकलेला जास्त फसवतो. प्रोग्रामर वेळेचा आकडा 'एमडी५' नावाच्या प्रक्रियेतून काढतो आणि ३२ अक्षरांची, काही अर्थ न लागणारी ओळ तयार होते. पाहणाऱ्याला ती अभेद्य वाटते. पण ही प्रक्रिया जगभर सगळ्यांना माहीत आहे आणि तोच आकडा घातला की दरवेळी तीच ओळ बाहेर पडते. आत ८६,४०० शक्यता गेल्या तर बाहेरही ८६,४००च येणार. ओळीची लांबी वाढते, अनिश्चितता तसूभरही वाढत नाही. पीएचपी या भाषेतलं 'युनिकआयडी' नावाचं फंक्शन अशा कामासाठी वर्षानुवर्षं वापरलं गेलं. त्यातून मिळणाऱ्या १३ अक्षरांपैकी पहिली आठ म्हणजे सेकंद, उरलेली पाच म्हणजे मायक्रोसेकंद. एका सेकंदात दहा लाख मायक्रोसेकंद असतात, म्हणजे शक्यता वाढल्या खऱ्या. पण हल्लेखोर आधी स्वतःच्या खात्यासाठी लिंक मागतो, लगेच तुमच्यासाठी, पुन्हा लगेच स्वतःसाठी. त्याच्या दोन्ही लिंका त्याच्याच मेलवर येतात, आणि तुमचा आकडा त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. दहा लाखांतून उरतात काही हजार, कधी त्याहूनही कमी.

मग वेळ नको, सरळ यादृच्छिक संख्या घ्या, असं कोणी म्हणेल. इथे तुम्ही रोज ज्या डोंबिवलीवरून जाता तिचा एक धागा सांगायचा मोह मला आवरत नाही. डहाणूला १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुळाला 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. डेम्लो हे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरच्या स्थानकाचं नाव, आजची डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला होता. त्यांचा आणखी एक आवडता खेळ होता. कोणतीही संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १७५० मध्ये १३ मिळवले की १७६३, त्यात १७ मिळवले की १७८०, मग १७९६, मग १८१९. नुसते पाहिले तर हे आकडे अडखळत, मन मानेल तसे चालल्यासारखे दिसतात. पण नियम ठाऊक असलेल्याला यातला एक आकडा सांगा, पुढचे सगळे तो कागदावर मांडून देईल.

संगणकातले साधे यादृच्छिक संख्येचे जनक नेमके असेच असतात. नियम कापरेकरांच्या खेळापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचा, पण नियमच. सर्वांत जास्त वापरला गेलेला जनक म्हणजे 'मर्सेन ट्विस्टर'. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी तो १९९७ च्या सुमारास तयार केला. हवामानाची प्रारूपं, सांख्यिकीचे प्रयोग यांसाठी तो उत्तम आहे. त्याच्या कर्त्यांनी तो त्यासाठीच केला, गुपितं राखायला नाही. त्यातून ओळीनं बाहेर पडलेल्या ६२४ पूर्ण संख्या हाती आल्या की पुढची प्रत्येक संख्या काढता येते. पीएचपीमध्ये तर त्याची सुरुवात ज्या बीजापासून व्हायची ते ३२ बिटांचं, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, पण आजचा साधा संगणक तो थोड्या वेळात चाळून काढतो. जर्मन संशोधक स्टेफान एसर यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की एकाच सर्व्हरवरच्या एका ॲप्लिकेशनमध्ये उघड दिसणाऱ्या अशा संख्येवरून शेजारच्या ॲप्लिकेशनमधली पासवर्ड बदलण्याची लिंक ताडता येते. २०१२ मध्ये जॉर्ज आर्गिरोस आणि आंगेलोस कियायास यांनी याच विषयावर सविस्तर निबंध सादर केला आणि तेव्हाची अनेक लोकप्रिय पीएचपी ॲप्लिकेशन्स या पद्धतीनं उघडी पडत असल्याचं दाखवलं. तसा हा रोग त्याहून जुना. १९९५ मध्ये बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरच्या गुप्त किल्ल्या शोधून काढल्या होत्या, कारण त्या किल्ल्यांचं बीज दिवसाची वेळ आणि संगणकातल्या दोन क्रमांकांवरून ठरत होतं. १९९५ साली उघड झालेली चूक २०२५ मध्ये मांजर्लीतल्या मेंटेनन्सच्या संकेतस्थळावर भेटावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उपाय महाग असता तर समजू शकलो असतो. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मध्ये 'रँडम बाइट्स' हे फंक्शन तयारच मिळतं आणि वापरायला एक ओळ लागते. ऑपरेटिंग सिस्टिम यंत्रातल्या बारीकसारीक हालचालींतून जी खरी अनिश्चितता गोळा करते, तिच्यातून ते घेतं. असे १६ बाइट घेतले तर शक्यतांची संख्या ३९ अंकी होते. तिथे घड्याळ माहीत असून काही उपयोग नाही.

लिंकऐवजी मोबाइलवर सहा अंकी कोड आला तर? तो अगदी नीट यादृच्छिक असला तरी शक्यता दहा लाखच. तिथे सगळी भिस्त असते ती किती वेळा चुकू दिलं जातं यावर. बंगळुरूच्या आनंद प्रकाश यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये फेसबुकला कळवलं की मुख्य संकेतस्थळ दहा-बारा चुकीच्या कोडनंतर अडवतं, पण त्याच्याच बीटा आवृत्तीवर ही अडवणूक नाही. फेसबुकनं त्यांना १५,००० डॉलर दिले. २०१९ मध्ये लक्ष्मण मुथिया यांनी इन्स्टाग्रामवर तीच चाचणी वेगळ्या तऱ्हेनं केली. तिथे एका पत्त्यावरून येणाऱ्या प्रयत्नांना मर्यादा होती, म्हणून त्यांनी हजार वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून दोन लाख कोड पाठवून दाखवले. कोड दहा मिनिटं चालत असे, आणि तेवढ्यात दहाही लाख पाठवण्याचा खर्च त्यांच्या हिशेबानं दीडशे डॉलरच्या आसपास होता. त्यांना ३०,००० डॉलर मिळाले. दोघांनीही चाचणी स्वतःच्या खात्यावर केली आणि आधी कंपनीला कळवलं.

यावरून तुमच्या भाच्याकडे येतो. त्याची जिज्ञासा चांगली आहे, ती मारू नका. पण शेजाऱ्यांचं खातं उघडून पाहायचं नाही, नुसतं 'उघडतं का' एवढ्यासाठीही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकप्रणालीत शिरणं हेच नुकसानभरपाईला पुरेसं कारण आहे. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याची गरजही नाही. तुमच्या आणि आईच्या अशा दोन लिंका तुमच्याकडे आहेत, पुरावा म्हणून तेवढं भरपूर आहे. फार तर भाच्यानं तुमच्याच खात्यासाठी, आईच्या संमतीनं तिच्याही खात्यासाठी, आणखी दोन-तीन लिंका मागवाव्यात आणि प्रत्येक वेळी घड्याळातली वेळ लिहून ठेवावी.

ते सगळं सोसायटीच्या सचिवांना लेखी द्या आणि त्यांच्यामार्फत संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला कळवा. ग्रुपवर टाकू नका, दुरुस्ती होईपर्यंत ते उपद्रवाचं ठरेल. कंपनीकडून गोलमोल उत्तर घेऊ नका. लिंकमधला भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित जनकातून येतो का, तो एकदा वापरल्यावर रद्द होतो का, किती मिनिटांनी संपतो, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा आहे का, हे स्पष्ट विचारा. पासवर्ड बदलल्यावर आधीपासून उघडी असलेली सत्रं बंद होतात का, हेही विचारा. नाहीतर आत शिरलेला माणूस तसाच आत राहतो. कंपनीनं दाद दिली नाही तर केंद्र सरकारची 'सर्ट-इन' ही संस्था असे दोष कळवून घेते. व्यक्तिगत माहिती सांभाळण्यात हलगर्जी करणाऱ्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे, हे सचिवांच्या पत्रात नमूद करायला हरकत नाही. पाहुण्यांच्या नोंदींत कोण कधी घरी असतं, कोण गावाला गेलं आहे हे कळतं. हा काही नुसत्या बिलाच्या पावत्यांचा प्रश्न नाही.

मे महिन्यातली मेल. न मागता आलेली लिंक म्हणजे कोणीतरी तुमचा पत्ता त्या चौकटीत टाकला. पुष्कळदा ती शेजारच्या सदनिकेतल्या एखाद्याची टंकनातली चूक असते. पण या संकेतस्थळाचा जनक असा असताना मी ते गृहीत धरणार नाही. त्यानंतर तुमचा जुना पासवर्ड चालेनासा झाला होता का, ते आठवा. झाला असेल तर कोणीतरी तो बदलला होता. खात्यात नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच आहे ना, पाहा. हाच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तिथे बदला, आणि ईमेलच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, कारण बाकी सगळ्या लिंका तिथेच येतात. पैशांचा काही घोळ दिसला तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवा. ती मेल अजून तुमच्याकडे असेल तर पुसू नका. त्यातल्या लिंकवर न टिचकता नुसता शेवटचा आकडा उतरवून घ्या. तुमची लिंक कोणी कोणत्या सेकंदाला मागितली ते त्यातच लिहिलेलं आहे, आणि कंपनीकडे त्या सेकंदाच्या नोंदी असतील तर मागणी कोणत्या आयपी पत्त्यावरून आली तेही सापडेल. तक्रारीत तो आकडा घाला आणि त्या नोंदी राखून ठेवायला कंपनीला लेखी सांगा. असे लॉग ठरावीक काळानं पुसले जातात, म्हणून हे याच आठवड्यात करा.