गिझरचे पाणी, बटण आणि अर्थिंग

थंडी पडली की गिझरच्या तक्रारी सुरू होतात. चोरखमारा आणि नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या इतर गावांत पहाटेचा गारठा अधिक. फजरपूर्वी वुजू व गुस्लसाठी गरम पाणी लागतेच. पाणी तापले नाही की एकजण नवा गिझर सुचवतो, दुसरा जाड तारेचा फ्यूज घालून देतो. पुष्कळदा दोन्ही सल्ले चुकीचे ठरतात. दोष आधी बटण, प्लग, वायर आणि अर्थिंगमध्ये शोधावा, गिझर मागाहून उघडावा.

प्रथम हिशोब पाहू. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट घेतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास त्याला अंदाजे २१ मिनिटे लागतात. पण व्होल्टेज १७० वर आले तर तोच गिझर सुमारे ११०० वॅटचे काम करतो आणि त्याच पाण्याला ३८ मिनिटे लागतात. म्हणजे गिझर बिघडलेला नसतो, वेळ कमी दिलेला असतो. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र असताना खेड्यात व्होल्टेज कमी का, असे लोक विचारतात. त्या केंद्राची वीज ४०० व ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून दूर जाते. आपल्या घरचे व्होल्टेज गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, त्यावर पडलेल्या भारावर आणि घरापर्यंतच्या तारेच्या लांबीवर ठरते. यासाठी गिझरला स्टॅबिलायझर घेण्यात पैसा घालवू नये. मोटारपंप कमी व्होल्टेजवर जळू शकतो. गिझर फक्त सावकाश तापतो.

शॉवरचे पाणी लगेच गार होते, ही दुसरी तक्रार. ६० अंशांच्या १५ लिटरमध्ये २० अंशांचे पाणी मिसळून ४० अंशांवर आणले तर सारे मिळून ३० लिटर होते. शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर सोडतो. तीन-साडेतीन मिनिटांत पाणी संपणारच! बादली-तांब्याने त्याच पाण्यात दोघांची आंघोळ होते. गरम पाण्याची धार मात्र बारीक झाली असेल तर शॉवरच्या छिद्रांत क्षार साचले असतील. तो काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावा.

आता बटणाकडे वळू. टीव्ही-पंख्याचा प्लगपॉइंट ६ अँपिअरचा असतो. गिझरला १६ अँपिअरचा पॉइंट, मीटर बोर्डापासून वेगळी तांब्याची वायर (किमान २.५ चौरस मिलिमीटर, अंतर लांब असल्यास ४) आणि न्हाणीघराबाहेर २० अँपिअरचे डबल पोल बटण हवे. बाजारात मोठा प्लग लहान पॉइंटमध्ये बसवण्याचा कन्व्हर्टर मिळतो. गिऱ्हाईक गिझरसाठी मागत असेल तर विद्युत सामानाच्या दुकानदाराने तो विकू नये. चार पैशांच्या नफ्यापायी कुणाचे घर पेटेल असा माल देणे तिजारत नव्हे. प्लगच्या पिना तपकिरी झाल्या, बोर्डाला जळका वास आला, बटण दाबताना चरचर झाली, तर समजावे की आतला स्क्रू ढिला आहे. मेन स्विच बंद करून पॉइंट बदलून घ्यावा. नुसते घासून पुन्हा बसवू नये.

वायरमनने आणखी एक गोष्ट तपासावी. बटण बंद असताना प्लगपॉइंटच्या उजव्या छिद्रात टेस्टर पेटतो का? पेटत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले आहे. अशा घरात बटण बंद करूनही गिझरमध्ये वीज राहते.

ज्यांचे घर वर आणि दुकान खाली आहे त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. मीटर बहुधा दुकानात असते आणि आम्ही कापडवाले त्यालाच टेकवून गठ्ठे रचतो. वरच्या गिझरचा करंट त्याच बोर्डातून जातो. बोर्डासमोर हातभर जागा मोकळी ठेवावी.

अर्थिंगबाबत जुनी सवय घातक ठरते आहे. पूर्वी लोखंडी नळाला तार बांधून अर्थिंग केले असे मानत. तेही बरोबर नव्हतेच. आता नळ प्लास्टिकचे झाले. मध्ये हातभर जरी प्लास्टिक आले तरी ती तार जमिनीपर्यंत पोहोचत नाही, उलट गिझरची गळती नळाच्या तोटीला आणून सोडते. अर्थिंगला स्वतंत्र खड्डा, त्यात पाइप किंवा प्लेट, आणि उन्हाळ्यात पाणी घालण्याची सोय हवी. वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहतात. तो मंद पेटला तर अर्थिंग नक्की खराब; पूर्ण पेटला तरी खात्री नाही, कारण बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. खरे माप अर्थ टेस्टरनेच कळते.

एमसीबी माणसाला वाचवत नाही, ती वायर वाचवते. १६ अँपिअरची एमसीबी पडण्याच्या कितीतरी आधी, एका अँपिअरच्या विसाव्या हिश्श्याने माणूस दगावू शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावावी आणि तिचे टेस्ट बटण महिन्याला एकदा दाबून पाहावे. गिझर चालू करताच आरसीसीबी पडत असेल तर बहुधा एलिमेंटला तडा गेला आहे. एलिमेंट बदला, आरसीसीबी काढून टाकू नका.

तसेच गिझरचा थर्मल कटआउट वारंवार पडतो म्हणून काही कारागीर तार थेट जोडून देतात. थर्मोस्टॅट अडकला आणि कटआउटही नाही, तर पाणी उकळतच राहते. सेफ्टी व्हॉल्व्ह गच्च झाला असेल तर टाकी फुटते. त्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना चार थेंब पडणे ठीक आहे, तिथे बूच ठोकू नये.

ज्यांच्याकडे गिझर नाही ते बादलीत रॉड टाकतात. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, म्हणून त्यालाही मोठाच पॉइंट हवा. बादली लोखंडी नसावी. पाणी तापले का हे बोट घालून पाहू नये. आधी बटण बंद करावे, प्लग काढावा, रॉड उचलून बाजूला ठेवावा, मगच पाण्यात हात घालावा. मुलांना हे एकदा करून दाखवावे.