सायकल, थंडी आणि वर्तमानपत्र

पौषातल्या पहाटे सास्तूरच्या (ता. लोहारा) परिसरात पारा कधी कधी १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. वारा पडलेला असला, तरी ताशी १५ किलोमीटर वेगाने शाळेला निघालेल्या सायकलस्वाराला तेवढाच वारा समोरून लागतो. उघड्या त्वचेला मग हवा ८ अंशांची असावी, इतकी थंडी भासते. असे का होते?

अंगालगत उबदार हवेचा पातळ थर असतो. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने तो ऊब राखतो. वारा मात्र त्याला सतत हटवतो. म्हणून हवा कोंडणे आणि वारा अडवणे, ही दोन कामे कपड्यांनी करायची असतात. त्यासाठी महागडे जाकीट नको. स्वेटर हवा कोंडतो. त्यावर छातीशी वर्तमानपत्राची घडी ठेवून वरून जुना सदरा घाला, वारा अडतो. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीतले सायकलपटूही घाट उतरताना छातीशी वर्तमानपत्र ठेवीत आले आहेत.

घाम आल्यास वरच्या गुंड्या सोडा. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. हातमोजे अवश्य घाला. बोटे बधिर झाली, तर ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

करून पाहा : गरम पाण्याचे दोन सारखे तांबे स्वेटरच्या कापडात गुंडाळा. एकावर वर्तमानपत्र लपेटा. दोन्ही पंख्यासमोर ठेवून १५ मिनिटांनी तापमान मोजा. फरक किती पडला?