ज्वारीच्या दाण्याएवढा जोड

शाळू निघाला की मोकळ्या रानात आम्ही रिमोटची विमानं उडवतो. धसकटं टोचतात, पण आभाळ मोकळं मिळतं. तिथंच माझं बाल्साचं ट्रेनर गेलं, दोन महिने रात्री जागून बांधलेलं. दोनशे मीटरवर डावीकडे वळवलं आणि वळण सुटेचना. स्टिक पूर्ण उजवीकडे दाबली, तरी काही नाही. मग इंजिनाचा आवाज उतरला. सिग्नल तुटून फेलसेफ लागलं होतं. बाकीचे सर्वो (विमान वळवणाऱ्या छोट्या मोटारी) होते तिथंच थांबले आणि कललेलं विमान गोल गोल फिरत खाली आलं.

जवळ जाऊन स्टिक हलवली, तर वाचलेला सर्वो लगेच हलला. म्हणून आधी संशय बॅटरीवर गेला. रिसीव्हरभोवतीचा स्पंज काढला तेव्हा कळलं: दोनपैकी एका अँटेनाची वायर बोर्डावरून सुटून लोंबत होती. जोडाच्या आत इंधनातल्या तेलात कालवलेली धूळ होती. ती एका आपटण्यात बसत नाही. म्हणजे जोड कित्येक दिवस सुटलेलाच होता आणि मी एका अँटेनावर उडवत होतो. उडवण्याआधीचा रेंज चेक दर वेळी पास होत होता, कारण त्या वेळी विमानाची नेहमी एकच बाजू माझ्याकडे असे. त्या वळणावर इंजिन आणि बॅटरी उरलेल्या अँटेनाच्या आड आली असणार.

सुटला कशानं, तेही सापडलं. स्पंज मी ठासून भरला होता आणि चार्जिंगला बॅटरी ओढताना दर वेळी अँटेनाची वायरही ताणली जायची. दाबून बसवायचा हा जोड ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठा नाही, आणि तो साधारण तीसेक वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला असतो.

आता मी जोड सरळ वरून, नखानं, ‘टक’ जाणवेपर्यंत दाबतो आणि भिंगातून बघतो. तिरका बसला तरी बसल्यासारखा दिसतो, म्हणून भिंग हवंच. काढताना वायर कधीच ओढायची नाही. वर सिलिकॉनचा एक ठिपका लावतो, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नाही. त्यातल्या आम्लानं तांबं गंजतं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या. ग्लू गनचा गोंदही चालतो, पण उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो. सुपरग्लू नको, तो पातळ असल्यानं जोडाच्या आत शिरतो. मग वायरला थोडी ढील ठेवून ती रिसीव्हरच्या डब्यालाच टेपनं बांधायची, म्हणजे ओढ जोडापर्यंत पोहोचत नाही.

वायरच्या टोकाचा सोललेला भाग मात्र मोकळाच राहू द्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी म्हणजे तो ३१ मिलिमीटर. तो कापायचा नाही, दुमडायचा नाही. दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात आणि कार्बन फायबरपासून दूर ठेवा.

रेंज चेक करताना इंजिन चालू ठेवून कुणाला तरी विमान पंख्याच्या मागून घट्ट धरायला सांगा. मी ट्रान्समीटर कमी ताकदीच्या रेंज चेक मोडवर टाकून तीस पावलं दूर उभा राहतो. माझा भाचा विमानाचं नाक, शेपटी, दोन्ही कुशी आणि पोट आळीपाळीनं माझ्याकडे करतो. एखाद्या बाजूला सर्वो जरासा जरी अडखळला, तरी त्या दिवशी विमान पेटीत परत जातं.