दाट वस्तीतील परसासाठी शांत कोंबड्या

घरच्या अंड्यांसाठी परसात चार-पाच कोंबड्या पाळण्याची इच्छा पुष्कळांस असते. परंतु कुंपणापलीकडेच शेजाऱ्याची खिडकी असल्यास पहाटेच्या आरवण्यावरून कुरबुर सुरू होते व अखेर खुराडे मोडावे लागते. योग्य निवड केल्यास हा प्रसंग टाळता येतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, अंडी घालण्यासाठी कोंबडीस नराची आवश्यकता नसते. नराविना मिळणारी अंडी निर्बीज असल्याने उलट अधिक दिवस टिकतात. म्हणून अशा ठिकाणी कोंबडा ठेवूच नये. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे कठीण असते. यास्तव अंड्यावर येऊ लागलेल्या तलंगाच विकत घ्याव्यात.

व्हाइट लेगहॉर्न ही हलकी जात अंड्यांस उत्तम, परंतु बुजरी असून किंचित चाहुलीनेही कलकलाट करते. त्याऐवजी ऱ्होड आयलंड रेड, प्लिमथ रॉक किंवा ऑस्ट्रलॉर्प यांपैकी एक जात निवडावी. या अंगाने जड व स्वभावाने तुलनेने शांत असून सहसा कुंपण ओलांडीत नाहीत.

तथापि अंडे घातल्यावर कोणतीही कोंबडी काही वेळ ओरडतेच. म्हणून खुराडे शेजाऱ्याच्या भिंतीपासून दूर बांधावे. अंड्यांच्या जागेवरून भांडणे होऊ नयेत म्हणून चार कोंबड्यांमागे तूस पसरलेली एक अंधारी पेटी ठेवावी. दाणापाणी वेळेवर द्यावे व ओले तूस त्वरित बदलावे. कारण आवाजाइतकीच तक्रार दुर्गंधीचीही होते.

खुराडे बांधण्यापूर्वी शेजाऱ्यास विचारणे, हेही कुक्कुटपालनाचेच एक अंग होय.