लेखी प्रश्न : शासनाला जाब विचारण्याचे संसदीय साधन

भारतीय संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट केला होता. अमेरिकेतील अध्यक्षीय पद्धती सरकारला स्थैर्य देते, तर संसदीय पद्धती सरकारला अधिक जबाबदार ठेवते. या दोहोंपैकी मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. संसदीय पद्धतीत सरकारच्या कामाची पारख दोन प्रकारे होते, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. एक पारख मतदार निवडणुकीच्या वेळी करतात. दुसरी लोकप्रतिनिधी रोजच्या रोज करतात, आणि तिच्या साधनांत बाबासाहेबांनी प्रश्न, ठराव, अविश्वास प्रस्ताव, तहकुबी सूचना व चर्चा यांचा उल्लेख केला.

पाच वर्षांनी एकदा होणारी पारख आपल्या समाजाला चांगली ठाऊक आहे. त्या वेळी वस्त्यावस्त्यांतून सभा होतात, चर्चा झडतात. परंतु दररोज होणाऱ्या पारखीकडे आपले पुरेसे लक्ष नाही. म्हणून या लेखात तिच्यातील सर्वांत साधे व सर्वांत कमी चर्चिले गेलेले साधन, म्हणजे लेखी प्रश्न, समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

हक्काचा इतिहास

प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्या देशात हळूहळू मिळत गेला. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा प्रथम मिळाली. मात्र उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला, तर १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सदस्यांनाही उपप्रश्नाचा अधिकार मिळाला.

बाबासाहेबांनी या व्यवस्थेच्या दोन्ही बाजूंचा अनुभव घेतला होता. १९२७ पासून मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य म्हणून त्यांनी सरकारला प्रश्न विचारले, आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात प्रश्नांना उत्तरेही दिली.

केवळ ठराव पुरेसा का नसतो, हे महाडच्या इतिहासावरून कळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री तळे खुले झाले, परंतु ओंजळभर पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. ठराव आणि अंमलबजावणी यांमधील हे अंतर अधिकृतपणे उघड करणे, हेच प्रश्नाचे काम होय.

प्रश्नांचे प्रकार

संसदेत प्रश्नांचे दोन मुख्य प्रकार आहेत. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते. ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते आणि त्यावर उपप्रश्न नसतो. याखेरीज तातडीच्या सार्वजनिक बाबींसाठी अल्पसूचना प्रश्नाचीही सोय आहे.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित व २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. राज्यसभेत हे प्रमाण १५ व १६० असे आहे. प्रश्नोत्तराचा तास एकच असल्याने वीस तारांकित प्रश्नांपैकी थोड्यांचीच पाळी येते. राहिलेल्यांची उत्तरे लेखीच मानली जातात. म्हणजे गाजावाजा तोंडी प्रश्नांचा होत असला तरी माहितीचा मोठा साठा लेखी उत्तरांत असतो. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोरोनाच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तास झाला नाही, तेव्हाही लेखी उत्तरे मिळत होती.

कोणी म्हणेल, आता २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे, मग संसदेतील प्रश्न कशाला? माहिती अधिकाराच्या अर्जाला माहिती अधिकारी उत्तर देतो. संसदेतील उत्तराखाली मात्र मंत्र्याची जबाबदारी असते. संविधानाच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. त्यामुळे मंत्र्याने पटलावर ठेवलेले उत्तर हे शासनाचे अधिकृत निवेदन ठरते व ते कायमचे नोंदले जाते.

शब्दांचे महत्त्व : एक उदाहरण

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. त्यानंतर २०१३ साली अधिक व्यापक कायदा आला. या कायद्यात दोन स्वतंत्र व्याख्या आहेत. अस्वच्छ शौचालयांतील मैला हाताने साफ करणे किंवा वाहून नेणे ही एक, आणि संरक्षक साधनांशिवाय भुयारी गटार वा सेप्टिक टँकमध्ये उतरून करायची धोकादायक सफाई ही दुसरी.

२०२१ च्या पावसाळी अधिवेशनात राज्यसभेत या विषयावर प्रश्न आले. हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे शासनाचे उत्तर होते. देशभर संताप व्यक्त झाला. त्याच अधिवेशनात शासनाने असेही सांगितले की, गटारे व सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई करताना ९४१ कामगार मृत्यू पावले आहेत.

एका व्याख्येखाली शून्य आणि दुसऱ्या व्याख्येखाली ९४१! माणसे तीच, वस्त्या त्याच, शोक करणारी कुटुंबेही तीच. हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला व २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. ज्या मृत्यूची नोंदच नाही, त्याच्या वारसाने कोणत्या आधारावर दार ठोठवायचे? म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला कायद्यातील व्याख्या ठाऊक असलीच पाहिजे. ढिला प्रश्न शासनाला ढिल्या उत्तराची सोय करून देतो.

प्रश्न कसा तयार करावा?

प्रश्न सभागृहात लोकप्रतिनिधी विचारतात हे खरे. परंतु प्रश्नाचा कच्चा मसुदा व त्यामागची माहिती कोणताही नागरिक, विद्यार्थी किंवा संस्था त्यांना देऊ शकते. तसे करताना काही नियम ध्यानात ठेवावेत. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा. त्यात युक्तिवाद, आरोप, उपरोध किंवा मतप्रदर्शन नसावे. न्यायप्रविष्ट बाब नसावी. सहज उपलब्ध दस्तऐवजांत असलेली माहिती मागू नये. पूर्वी ज्याचे उत्तर मिळाले आहे तो प्रश्न पुन्हा विचारू नये.

विषय कोणाच्या अखत्यारीतला आहे, हेही आधी पाहावे. पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्याचे विषय आहेत. एखाद्या गावातील अत्याचाराच्या तपासाविषयी संसदेत विचारल्यास हा राज्याचा विषय आहे, एवढेच उत्तर मिळण्याचा संभव असतो. तो प्रश्न विधानसभेत वा विधान परिषदेत विचारला पाहिजे. याउलट, अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम २१ नुसार केंद्र शासनाने केलेल्या उपायांचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे ठेवायचा असतो. तो कोणत्या वर्षापर्यंतचा ठेवला, हा प्रश्न संसदेतच शोभतो.

विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून, म्हणजे बाबासाहेब कार्यकारी मंडळात असतानाच्या काळापासून, चालत आली आहे. डिसेंबर २०२० मधील निर्णयानुसार तिच्या खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा आहे. आता, "शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही हे खरे आहे काय?" असा प्रश्न केला, तर "हे खरे नाही" या तीन शब्दांत विषय संपतो. तोच प्रश्न विधिमंडळासाठी असा मांडावा :

सन्माननीय सामाजिक न्याय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-
(अ) मागील तीन शैक्षणिक वर्षांत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मंजूर झालेल्या अर्जांची वर्षनिहाय व जिल्हानिहाय संख्या किती;
(ब) त्यांपैकी किती विद्यार्थ्यांच्या खात्यात राज्याच्या वाट्याची रक्कम शैक्षणिक वर्ष संपण्यापूर्वी जमा झाली;
(क) उर्वरित रक्कम प्रलंबित राहण्याची कारणे काय;
(ड) ती कोणत्या तारखेपर्यंत अदा करण्यात येईल?

केंद्राच्या वाट्याविषयी असाच प्रश्न संसदेत विचारावा. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की पैसा कोठे अडला हे कळेल.

प्रश्नांची विभागणी करण्याची ही रीत आपल्या परंपरेला नवी नाही. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : सरळ उत्तर देण्याजोगा, विभागून उत्तर देण्याजोगा, प्रतिप्रश्न करून उत्तर देण्याजोगा आणि बाजूला ठेवण्याजोगा. शासनाने आपला प्रश्न चौथ्या प्रकारात ढकलू नये असे वाटत असेल, तर आपणच तो आधी नीट विभागून दिला पाहिजे.

उत्तर आल्यानंतर

उत्तर मिळाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. खरे काम तेथून सुरू होते. "माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल" किंवा "बाब विचाराधीन आहे" अशी उत्तरे संसदेत आश्वासन मानली जातात. ती पाळली जातात की नाही हे पाहण्यासाठी लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी असा दंडक आहे. उत्तरात चूक आढळल्यास सदस्य ती अध्यक्षांच्या निदर्शनास आणू शकतो. विषय महत्त्वाचा असेल तर लेखी उत्तराच्या आधारेही अर्ध्या तासाची चर्चा मागता येते.

"अशी माहिती ठेवली जात नाही" हेसुद्धा एक उत्तरच आहे. टाळेबंदीत घराकडे निघालेल्या किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, या प्रश्नावर सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत असेच उत्तर मिळाले. ज्यांची गणती होत नाही त्यांची कोणाला पर्वा आहे, हा पुढचा प्रश्न त्या उत्तरानेच देशापुढे उभा केला.

या साधनाला मर्यादाही आहेत. २००५ साली पैसे घेऊन प्रश्न विचारण्याच्या प्रकरणात ११ खासदारांचे सदस्यत्व रद्द झाले. परंतु १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतविलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचे प्रकरण लोकसभेतील प्रश्न व चर्चेतूनच बाहेर आले. न्या. छागला यांची चौकशी झाली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. साधन खोटे नसते. ते कोणाच्या हाती आहे व त्यामागे जागृत समाज उभा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

आपले कर्तव्य

संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्न व उत्तरे कोणालाही वाचता येतात. आपल्या विहारात दर अधिवेशनानंतर एक अभ्यासवर्ग घ्यावा. शिष्यवृत्ती, वसतिगृहे, अनुशेष भरती, अत्याचाराचे खटले, सफाई कामगारांची सुरक्षा या विषयांवरील उत्तरे विद्यार्थ्यांनी वाचून त्यांची वही तयार करावी. आपल्या तालुक्यातील वस्तुस्थितीशी ती ताडून पाहावी. जेथे तफावत दिसेल तेथे पुढच्या प्रश्नाचा मसुदा पुराव्यानिशी तयार करून आमदार-खासदारांच्या हाती द्यावा, आणि त्यांनी तो विचारला की नाही याची नोंदही त्याच वहीत ठेवावी.

बाबासाहेबांनी रोजच्या पारखीची सोय संविधानात करून ठेवली आहे. ती वापरण्यासाठी अभ्यास, चिकाटी आणि नेमकी भाषा लागते. या तिन्ही गोष्टी आपल्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहेत.

जयभीम!